‘आँ?’ हा शब्द आहे का?

स्वयंपाकघरात मिक्सर फिरतोय. बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, “अगं पण, ते लोक गुरुवारी येणारेत ना!” ओट्याशी उभी असलेली ती मान न वळवताच म्हणते, “आँ?” बाहेरून पुन्हा आवाज, “गुरुवारी येणारेत ते लोक.” “हं, मग ठीक आहे.”

रोजच्या बोलण्यातला हा तुकडा नीट पाहिला तर सगळ्यात जास्त काम त्यातल्या सगळ्यात छोट्या उच्चाराने केलेलं दिसतं. त्या एका ‘आँ?’ने चालू बोलणं थांबवलं. काहीतरी पोचलं नाही एवढं कळवलं, पण नेमकं काय पोचलं नाही ते सांगितलं नाही. आणि बोलण्याची पाळी परत समोरच्याकडे दिली, की बाबा, पुन्हा सांग. समोरच्याला यातलं काहीच समजावून द्यावं लागलं नाही. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, पण जसंच्या तसं नाही. ‘अगं’ गळलं, ‘पण’ गळलं, शेवटचा ‘ना’ गेला आणि ‘गुरुवारी’ पुढे आलं. ‘अगं पण’ हे आधीच्या बोलण्याशी गाठ मारण्यापुरतं होतं. दुसऱ्यांदा सांगताना त्या गाठीची गरज नव्हती, फक्त गाभा पोचवायचा होता. संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी इंग्रजी बोलण्यातही हेच दाखवून दिलं होतं: पुन्हा सांगताना वाक्याच्या सुरुवातीचे असे जोडशब्द माणसं आपोआप गाळतात.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं करणारा ‘आँ?’ हा शब्द म्हणायचा, की खोकल्यासारखा किंवा जांभईसारखा घशातून निघालेला नुसता आवाज?

व्याकरणाच्या पुस्तकांनी या मंडळींना नेहमी शेवटच्या बाकावर बसवलं. शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकवतात. त्यात नामापासून सुरुवात होते आणि सगळ्यात शेवटी येतं केवलप्रयोगी अव्यय: अबब, छे, अरेरे, शाबास. परीक्षेत त्यावर एखाद्या गुणाचा प्रश्न, की संपलं. युरोपातही हीच तऱ्हा होती. ग्रीक व्याकरणकारांनी उद्गारांना वेगळी जात दिलीच नव्हती, क्रियाविशेषणांच्या घरात त्यांना बसवलं होतं. रोमन व्याकरणकारांनी त्यांचं घर वेगळं केलं, आणि त्यालाही एक व्यवहारी कारण होतं. ग्रीकमध्ये उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) ही शब्दांची जात होती, लॅटिनमध्ये उपपदच नव्हतं. आठाचा आकडा भरून काढायला उद्गार उपयोगी पडले. एकोणिसाव्या शतकात तर ऋग्वेदाची संपादित आवृत्ती काढणाऱ्या मॅक्स म्युलर यांनी, भाषेचा जन्म उद्गारांतून झाला या मताला ‘पूह-पूह सिद्धांत’ असं नाव देऊन ते हसण्यावारी नेलं. आपल्याकडच्या ‘हुं:’सारखा तो इंग्रजीतला तुच्छतेचा उद्गार. खरी भाषा वेगळी आणि हे हुंकार वेगळे, ही समजूत पुढे बराच काळ टिकली.

पाणिनीने मात्र या लहान उच्चारांकडे बारकाईने पाहिलं होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. अष्टाध्यायीच्या अगदी सुरुवातीलाच ‘निपात एकाजनाङ्’ (१.१.१४) असं सूत्र आहे. म्हणजे, एकाच स्वराचा बनलेला निपात (अव्ययासारखा छोटा शब्द) असेल तर (‘आङ्’ सोडून) त्याचा पुढच्या स्वराशी संधी करायचा नाही. टीकाकार उदाहरणं देतात: ‘अ अपेहि’ म्हणजे ‘अं, दूर हो’, ‘इ इन्द्रं पश्य’, ‘उ उत्तिष्ठ’. एरवी संस्कृतात दोन स्वर शेजारी आले की ते एकमेकांत मिसळतात, ‘अ’ आणि ‘अपेहि’चं ‘आपेहि’ व्हायला हवं. पण इथे तो एकटा ‘अ’ मिसळायला नकार देतो. बोलणारा तिथे क्षणभर थांबतो, त्या उद्गाराला त्याची स्वतंत्र जागा असते, आणि नियमाने ती राखली. लांबून हाक मारताना नावाचा शेवटचा स्वर तीन मात्रांपर्यंत ताणायचा (प्लुत), असाही पाणिनीचा नियम आहे. आपण ‘ए बाळूऽऽ’ असं लिहितो तेव्हा तेच करतो. उद्गार, हाका, हुंकार हे भाषेच्या आतलेच आहेत आणि त्यांनाही नियम आहेत, हे अडीच हजार वर्षांच्या आसपास आधी कुणाला तरी ठाऊक होतं.

‘आँ?’ची आधुनिक गोष्ट सुरू होते ती २०१३ साली. नेदरलँड्समधल्या नायमेगेन शहरात मॅक्स प्लँक संस्थेचं मानसभाषाविज्ञान केंद्र आहे. तिथल्या मार्क डिंगमान्से, फ्रान्सिस्को तोर्रेइरा आणि निक एनफिल्ड या तिघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय: ‘हं?’ हा जगभरातला सामाईक शब्द आहे का? त्यांनी लोकांना बसवून ‘तुम्हाला ऐकू आलं नाही तर काय म्हणता?’ असं विचारलं नाही. अशा प्रश्नाला माणूस आपण जे म्हणायला हवं ते सांगतो, जे म्हणतो ते नाही. त्याऐवजी घरात, अंगणात, कामं करताना चाललेल्या साध्या गप्पांचं ध्वनिचित्रमुद्रण वापरलं. दहा भाषांमधल्या अशा मुद्रणांतून ‘हं?’ची उदाहरणं वेचली, त्यांचा आवाज मोजून तुलना केली. आणखी काही भाषांची माहिती इतर नोंदींतून घेतली. एकूण ३१ भाषा झाल्या.

त्या दहा भाषा मुद्दाम एकमेकींपासून दूरच्या निवडल्या होत्या. स्पॅनिश, इटालियन, डच, रशियन आणि आइसलँडिक या युरोपातल्या. चीनमधली मँडरिन आणि लाओसमधली लाओ. घानाच्या पूर्व भागातल्या डोंगरांमधली सिवू. दक्षिण अमेरिकेत इक्वाडोरमधली चापाला. आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या आदिवासींची मुरिन-पाथा. यातल्या कित्येकींचा एकमेकींशी कुठलाही नातेसंबंध दाखवता येत नाही. आणि तरी ऐका: लाओमध्ये ‘हँ?’, सिवूत ‘आँ?’, मँडरिनमध्ये ‘आ?’, डचमध्ये ‘हे?’, स्पॅनिशमध्ये ‘ए?’, रशियनमध्ये ‘आ?’, आइसलँडिकमध्ये ‘हा?’. सगळीकडे एकच अक्षर, तोंड सैल, जीभ खाली, ओठ गोल नाहीत, सुरुवातीला फार तर एक ‘ह’ किंवा घशातली हलकी अडक. ‘ऊ?’ कुठे नाही, ‘की?’ नाही, ‘मो?’ नाही.

हे साम्य किती विलक्षण आहे हे कळायला दुसरा कुठलाही शब्द घेऊन पाहावा. आपण ‘कुत्रा’ म्हणतो, तमिळ माणूस ‘नाय्’ म्हणतो, इंग्रज ‘डॉग’, फ्रेंच ‘शिएँ’, जपानी ‘इनु’. प्राणी एक, शब्दांत काही मेळ नाही. कुठल्या अर्थाला कुठला आवाज चिकटेल हे मूलतः ठरलेलं नसतं, हा भाषाविज्ञानातला जुना आणि भक्कम विचार. ‘आँ?’ या विचारात बसत नाही.

मग याचं सोपं स्पष्टीकरण लगेच सुचतं: हा शब्दच नव्हे, हा शरीराचा उपजत आवाज आहे, म्हणून सगळीकडे सारखा. शिंक जशी सगळ्या देशांत शिंकच. पण संशोधकांनी हे तपासलं आणि ते टिकलं नाही. त्यांचे तीन मुद्दे आहेत.

एक तर तान्हं मूल जन्मतः रडतं, शिंकतं, पण ‘आँ?’ करत नाही. बोलायला शिकू लागल्यावर, संभाषणात पाळी घेता येऊ लागल्यावर ते येतं. माणसाच्या सगळ्यात जवळच्या नात्यातल्या चिंपांझींकडेही असा ‘पुन्हा सांग’ म्हणणारा आवाज नाही.

दुसरा मुद्दा जास्त निर्णायक आहे. हा उच्चार प्रत्येक भाषेत त्या त्या भाषेच्या चौकटीत बसून येतो. स्पॅनिश, इटालियन, रशियन या भाषांमध्ये आपल्यासारखा ‘ह’ नाही. तिथल्या उच्चारातही ‘ह’ नाही. डचमध्ये ‘ह’ आहे, तिथे तो आला. स्पॅनिश माणसाच्या ‘ए?’मधला स्वर हा स्पॅनिशचा नेहमीचा ‘ए’ आहे, मधलाच कुठलातरी अस्पष्ट स्वर नव्हे. शिंकेला किंवा कण्हण्याला भाषेच्या वर्णमालेची अशी पर्वा नसते.

तिसरा मुद्दा सुरांचा. बहुतेक भाषांत ‘हं?’चा सूर वर चढतो, कारण त्या भाषांत प्रश्न विचारताना सूर चढतो. पण आइसलँडिक आणि चापाला या दोन भाषांत तो खाली उतरतो, आणि त्या भाषांतले प्रश्नही एरवी उतरत्या सुरात विचारले जातात. उपजत आवाज असता तर आइसलँडच्या माणसाला व्याकरण विचारून सूर उतरवायचं काही कारण नव्हतं.

थोडक्यात, ‘आँ?’ शिकावा लागतो, प्रत्येक भाषा तो आपल्या पद्धतीने घडवते, म्हणजेच तो शब्द आहे. आणि तरी सगळीकडे जवळजवळ सारखा आहे. मग हे साम्य आलं कुठून?

सगळ्या भाषांच्या एकाच आदिम पूर्वजाकडून तो वारशाने आला असेल का? शब्द इतके टिकत नाहीत. संस्कृतातला ‘किम्’ आणि आजचा मराठी ‘काय’, हिंदी ‘क्या’ यांतलं अंतर पाहा, आणि हे तर दोन-तीन हजार वर्षांतलं. बाकी सगळे शब्द झिजून ओळखू येईनासे झाले आणि एकटा ‘आँ?’ लाखभर वर्षं जसाच्या तसा राहिला, असं मानणं कठीण आहे.

संशोधकांचं उत्तर जीवशास्त्रातून येतं. शार्क हा मासा आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी. दोघांचं नातं अगदी दूरचं. पण दोघांनाही पाण्यात वेगाने पोहायचं आहे, आणि म्हणून दोघांचं शरीर निमुळतं, पाठीवर तसाच पर, अशा सारख्या आकाराला आलं. परिस्थिती सारखी, अडचण सारखी, म्हणून उत्तरही सारखं. ‘आँ?’च्या बाबतीत ती परिस्थिती म्हणजे संभाषण.

संभाषण किती वेगाने चालतं याची आपल्याला सहसा जाणीव नसते. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण फरक फार नाही. आणि समोर चित्र ठेवून त्या वस्तूचं नाव सांगायला सांगितलं, तर तो एक शब्द मनात शोधून ओठावर आणायला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे गप्पांमध्ये आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर जुळवत असतो. पण समोरच्याचं बोलणं कळलंच नसेल तर जुळवणार काय? पाळी तर अंगावर येऊन पडली आहे, गप्प राहिलं तर त्याचा वेगळाच अर्थ निघेल: राग आलाय, पटलेलं नाही, लक्षच नाही. अशा वेळी जवळ असा शब्द हवा, जो शोधावा लागणार नाही, ज्याला जिभेची हालचाल लागणार नाही, जो झटक्यात निघेल आणि तरी प्रश्न आहे हे कळेल. सैल तोंडातून सगळ्यात सहज निघणारा स्वर आणि प्रश्नाचा सूर. जगभरातल्या माणसांच्या बोलण्याने पिढ्यान्पिढ्या घासून घासून हाच उच्चार तयार केला.

या शोधनिबंधाला २०१५ साली साहित्याचा इग नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो देतात. ३१ भाषा म्हणजे जगातल्या सुमारे सात हजार भाषांचा अगदी छोटा वाटा, त्यामुळे ‘सगळ्या भाषांत आहे’ हे विधान सिद्ध झालंय असं नव्हे, पण इतक्या वेगवेगळ्या कुळांतून एवढं साम्य निघावं हा पुरावा हलका नाही.

आता मराठीकडे येऊ. आपल्याकडे ‘आँ?’ आणि ‘हं?’ हे दोन्ही चालतात, आणि ‘हं’चा संसार तर फार मोठा आहे. सूर वर गेला तर ‘काय म्हणालात?’ सूर खाली आला तर ‘बरं, कळलं.’ सपाट आणि लांब ‘हंऽऽ’ म्हणजे विचार चाललाय, किंवा तू बोल, मी ऐकतोय. झटक्याने ‘हं!’ म्हणत हात पुढे केला तर ‘घे’. दोनदा तोडून ‘अंहं’ म्हटलं तर ‘नाही’. गोष्ट सांगणाऱ्या आजीला नातवंडांकडून हुंकार हवा असतो. तो थांबला की ती ओळखते, पोरगं झोपलं. लिहिताना या सगळ्यांना आपण जवळजवळ एकाच अक्षराने लिहितो, आणि म्हणून कागदावर ते फिके वाटतात.

मँडरिनमध्ये हीच गोष्ट शब्दकोशात नोंदलेली सापडते, कारण ती सुरांचीच भाषा आहे. तिथे ‘आ’ हा उद्गार एकाच चित्रलिपीतल्या चिन्हाने लिहितात आणि त्याला चार सूर देतात. पहिल्या, उंच सपाट सुरात तो आश्चर्य किंवा कौतुक दाखवतो. दुसऱ्या, चढत्या सुरात ‘आ?’ म्हणजे ‘काय म्हणालास?’ तिसऱ्या, आधी उतरून मग चढणाऱ्या सुरात ‘असं कसं?’ असा चकित संशय. चौथ्या, उतरत्या सुरात ‘हो, बरं’. आपला ‘हं?’ आणि ‘हं.’ यांतला भेद अगदी तसाच चढत्या-उतरत्या सुराचा आहे. फक्त आपल्या शाळेत तो कुणी शिकवला नाही.

मराठीतल्या उद्गारांची आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. आजच्या प्रमाण मराठीत खरे अनुनासिक स्वर जवळजवळ उरलेले नाहीत. ‘आंबा’मध्ये आपण ‘म्’ उच्चारतो, ‘अंगण’मध्ये ‘ङ्’. कोकणीत ते स्वर अजून ठणठणीत आहेत. पण प्रमाण मराठी बोलणारा माणूसही ‘आँ?’ म्हणतो तेव्हा स्वर नाकातूनच काढतो. म्हणजे उद्गार भाषेच्या चौकटीत बसतात खरे, पण कधी कधी अगदी काठावर. हळहळ दाखवताना आपण जिभेने ‘च्च्, च्च्’ करतो, तो आवाज मराठीच्या वर्णमालेत नाहीच. जीभ दाताला चिकटवून आत हवा ओढत काढलेला तो टिचका आहे. झुलू आणि खोसा या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांत असे टिचके नेहमीच्या शब्दांमधली व्यंजनं म्हणून येतात. आपल्याकडे तो फक्त हळहळीपुरता आहे, पण त्यावरून आपण ‘चुकचुकणे’ असं रीतसर क्रियापद केलं, त्याचे काळ चालवले, मन चुकचुकायला लावलं.

‘आँ?’ उद्धट वाटतो, हा अनुभवही जगभर सारखा आहे. ‘आँ काय आँ? काय म्हणालात, असं म्हणावं,’ हे वाक्य मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. जर्मन मुलांनाही ‘हे?’ म्हटल्याबद्दल ओरडा बसतो आणि ‘वी बिट्टऽ?’ म्हणायला लावतात. फ्रेंचांचा ‘आँ?’ आपल्या ‘आँ?’च्या फार जवळचा आहे, आणि तिथेही चारचौघांत ‘पार्दाँ?’ म्हणावं लागतं. फारसीत ‘हाँ?’ घरगुती, ‘बले?’ म्हणजे ‘हो?’ हे अदबीचं. कोरियनमध्येही मोठ्यांशी बोलताना ‘ने?’, म्हणजे पुन्हा ‘हो?’च, आणि धाकट्यांशी ‘उंग?’. हिंदी-उर्दूत ‘जी?’.

इथे एक गोष्ट लक्षात येते. मूळ ‘आँ?’ सगळीकडे सारखा, पण त्याच्याऐवजी वापरायचे सभ्य पर्याय प्रत्येक समाजाचे वेगळे, आणि व्युत्पत्ती शोधायची तर ती या पर्यायांचीच सापडते. तुर्की माणूस ‘एफेंदिम?’ म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘माझे धनी’. आणि तो ‘एफेंदी’ ग्रीक भाषेतून तुर्कीत आलेला. मेक्सिकोत मुलांना ‘मांदे?’ म्हणायला शिकवतात, म्हणजे ‘आज्ञा करा’. इंग्रजीतला ‘पार्डन’ हा फ्रेंचांकडून आलेला, क्षमेचा. कुठे धनी, कुठे आज्ञा, कुठे क्षमा. समाजात कोण वर आणि कोण खाली, याचा इतिहास त्या शब्दांत साठलेला आहे. ‘आँ?’मध्ये असा इतिहास नाही, तो राजाच्या तोंडी तसाच आणि गड्याच्या तोंडी तसाच.

हाकेला दिलेली ‘ओ’ याहून वेगळी, हेही इथेच सांगायला हवं. कुणी नावाने हाक मारली की ‘ओ’ द्यायची. म्हणून ‘हाकेला ओ देणे’. ‘ओ’ म्हणजे मी आहे, ऐकतोय, आता सांग. ‘आँ?’ म्हणजे सांगितलंस ते पोचलं नाही. काही भाषांत ही दोन कामं एकच शब्द करतो. तुर्की ‘एफेंदिम’ हाकेलाही चालतं आणि फोन उचलतानाही. मराठीने दोन वेगळे स्वर ठेवले.

दुखलं-खुपलं की निघणाऱ्या उद्गारांचं काय? तिथेही साम्य आहे, पण त्याचं मूळ वेगळं आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३१ भाषांमधले वेदनेचे, आनंदाचे आणि किळसेचे उद्गार तपासले. वेदनेच्या उद्गारांत जगभर ‘आ’ हा उघडा स्वर आणि ‘आइ’, ‘आउ’ असे जोडस्वर पुन्हा पुन्हा आढळले, आणि माणसं दुखल्यावर जे नुसतं विव्हळतात त्यातही तोच ‘आ’ होता. आनंद आणि किळस यांच्या उद्गारांत असा एकसारखेपणा दिसला नाही. म्हणजे ‘आ’चा उगम वेदनेने निघणाऱ्या किंकाळीत असावा; ‘आँ?’चा उगम संभाषणाच्या गरजेत. स्पॅनिश माणूस ‘आय!’ म्हणतो, आपण ‘आई गं!’ म्हणतो. आपल्या उद्गारात आई आहे, नुसता आवाज नाही. पण ठेच लागल्यावर तोंडात यायला ‘आई’ इतका सोयीचा शब्द मराठीला मिळाला, हे या अभ्यासानंतर मला जास्तच जाणवतं.

‘आँ?’ हा संभाषण दुरुस्त करण्याच्या अनेक साधनांपैकी एक आहे, आणि सगळ्यात बोथट. त्याच संशोधकांच्या गटाने २०१५ साली बारा भाषांतल्या गप्पा तपासल्या. सरासरी दर १.४ मिनिटांना एकदा कुणीतरी ‘थांब, कळलं नाही’ अशा अर्थाचं काहीतरी करतं, इतकी ही दुरुस्ती नेहमीची आहे. आणि ती तीन तऱ्हांनी होते. ‘आँ?’ किंवा ‘काय?’ म्हटलं की सगळंच पुन्हा सांगावं लागतं. ‘कोण येणारेत?’ असं विचारलं की फक्त तेवढी एक जागा भरायची. ‘सुलूमावशी येणारेत ना?’ म्हटलं की समोरच्याने नुसती मान डोलावली तरी भागतं. बाराही भाषांत असं दिसलं, की माणसं शक्य तितकी नेमकी तऱ्हा निवडतात. आपण थोडे जास्त कष्ट घेऊन समोरच्याचे कष्ट वाचवतात. सगळंच निसटलं असेल, तेव्हाच ‘आँ?’वर येतात. मला हे त्या संशोधनातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण वाटतं. इतक्या क्षुल्लक जागी, कुणी न शिकवता, सगळीकडची माणसं एकमेकांचा भार वाटून घेतात.

या बारांपैकी एक होती अर्जेंटिनाची सांकेतिक भाषा. तिथे आवाजच नाही, मग ‘आँ?’ कसा असणार? पण त्याचं काम तिथेही होतं. ऐकू न येणारी माणसं हातांनी बोलताना एखादी गोष्ट कळली नाही, की पाहणारी व्यक्ती जागच्या जागी थिजते: हात थांबलेले, मान स्थिर, नजर समोरच्यावर रोखलेली. पाळी तिची आहे, पण ती घेत नाही. समोरचा लगेच खुणा पुन्हा करतो. आपणही ‘आँ?’ म्हणताना भुवया उंचावतो, किंचित पुढे झुकतो, हातातलं काम क्षणभर थांबतं. गोंगाटात काही वेळा तोंड उघडायचीही गरज पडत नाही.

हे सगळं समोरासमोर बोलण्यासाठी घडलेलं आहे, आणि म्हणून लांब पल्ल्याच्या व्हिडिओ कॉलवर ते नेमकं बिघडतं. पुण्यातून आजी बोलतेय, न्यू जर्सीत नात ऐकतेय, मध्ये आवाजाला अर्धा सेकंद उशीर. सेकंदाच्या पाचव्या भागावर चालणारी लय तिथे टिकत नाही. नातीचा ‘आँ?’ आजीपर्यंत पोचतो तोवर आजी पुढच्या वाक्यात गेलेली असते. ती थांबून मागचं सांगायला लागते, तोवर नातीला तेच पुढचं वाक्य ऐकू येऊ लागलेलं असतं, म्हणून ती पुन्हा ‘आँ?’ म्हणते, आणि आता कुठल्या वाक्यासाठी म्हणाली हे आजीला कळत नाही. ‘आँ?’चा रोख नेहमी लगेचच्या आधीच्या वाक्यावर असतो. वाक्यांचा क्रम दोन्हीकडे सारखा असेल तोवरच तो रोख लागू पडतो. अशा कॉलवर नेमका प्रश्न कामाला येतो. ‘आजी, लग्न कुणाचं म्हणालीस?’ हे वाक्य अर्धा सेकंद उशिरा पोचलं तरी आजीला बरोबर कळतं, की नात कुठे अडली आहे.